चिऱ्याच्या खाणीतला बारा वर्षांचा कचरा, खालची झर, आणि पावसाला उरलेले सात आठवडे

सड्यापायथा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, घरं साधारण ४००. सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, एक बंद पडलेली चिऱ्याची (जांभ्या दगडाची) खाण गेली बारा वर्षं कचऱ्यासाठी वापरात आहे. लांबी ४० मीटर, रुंदी ३०, आत सरासरी ३ मीटरचा थर. तळाला काहीही अंथरलेलं नाही. तीन बाजूंना उभ्या कडा, पूर्वेची बाजू गाडीरस्त्यासाठी खुली. पावसात त्या बाजूने काळं पाणी वाहतं.

एमआरएफ शेड (सुका कचरा निवडून ठेवायची) दोन वर्षांपूर्वी बांधली, पण आता सुक्या कचऱ्याची पोती छताला टेकली आहेत. मावत नाही ते परत खाणीतच जातं.

ग्रामसभेपुढे ठराव येतोय की पावसाआधी खाणीवर मुरूम पसरायचा, वर झाडं लावायची आणि विषय मिटवायचा. खाली उतारावर ३५० मीटरवर झर आहे, तिच्याखाली सात विहिरी. दोन विहिरींत पावसाळ्यात तवंग येतो आणि कळशीला तांबडा थर धरतो. तपासणीचा अहवाल मात्र सगळं मर्यादेत असल्याचं सांगतो: टीडीएस (विरघळलेले क्षार) ३१०, क्लोराइड ६४, लोह ०.९, नायट्रेट ६, पीएच ६.४. अमोनिया तपासलेला नाही.

विचारायचं ते असं. मुरूम आणि झाडं हा उपाय चालेल का? अहवालावर विश्वास ठेवायचा का? आणि खाणीत नवा कचरा जायचा थांबवायचा तर ४०० घरांच्या गावाला काय काय लागेल? आकडे, मापं, चुका सगळं सांगा. ग्रामसभेत "पर्यावरणाला घातक आहे" एवढं म्हणून कोणी ऐकत नाही.

जुनी_बाव

आधी पाण्याचं घेऊ, कारण गफलत अहवाल वाचण्यात होतेय.

"मर्यादेत" म्हणजे आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकाच्या मर्यादेत. टीडीएस ५००, क्लोराइड २५०, लोह १, नायट्रेट ४५. तुमचे हे चार आकडे त्यात बसतात, मान्य; पीएच ६.४ मात्र ६.५ च्या खालच्या मर्यादेखाली आहे. पण कचऱ्याचं पाणी विहिरीपर्यंत आलंय का, याचं उत्तर त्या मर्यादा देत नाहीत. सड्याच्या उतारावरचं पाणी मुळात फार हलकं असतं, कारण चिऱ्यातून विरघळण्यासारखं फारसं काही उरलेलंच नसतं. समुद्रापासून आत असलेल्या अशा विहिरीत टीडीएस बहुधा १०० च्या आसपास आणि क्लोराइड १०-२० च्या घरात सापडतं. त्या हिशोबाने तुमचं ३१० आणि ६४ म्हणजे निदान तिप्पट. तुलना करायची ती मानकाशी नाही, सड्याच्या दुसऱ्या उतारावरच्या, खाणीशी संबंध नसलेल्या विहिरीशी. तो नमुना घेतलाच नसेल तर अहवाल अर्धाच आहे.

नायट्रेट ६ म्हणून निर्धास्त होऊ नका. कचऱ्याच्या पोटात प्राणवायू नसतो, म्हणून तिथला नायट्रोजन नायट्रेट न होता अमोनियाच राहतो. म्हणजे तपासायचा होता तोच घटक राहिलाय. त्याची मर्यादा ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर.

आता तांबड्या थराचं. लोह बहुतेक कचऱ्यातून येत नाही, चिऱ्यातूनच येतं. चिऱ्यातलं लोह एरवी गंजलेल्या, न विरघळणाऱ्या रूपात घट्ट बसलेलं असतं. कचऱ्याचं सेंद्रिय पाणी खडकात शिरलं की तिथला प्राणवायू खाऊन टाकतं, मग तेच लोह विरघळून पाण्याबरोबर चालू लागतं. विहिरीत किंवा कळशीत हवा लागली की परत गंजतं आणि तांबडा थर बसतो. मँगॅनीजचंही तसंच, फक्त त्याचा थर काळा. हे दोन्ही वाढले असतील तर वरून सेंद्रिय काही तरी झिरपतंय अशी दाट शक्यता.

तवंगाची परीक्षा घरी होते. काडीने तो मोडा. तुकडे पापडासारखे वेगळे राहिले तर लोहाच्या जिवाणूंचा तवंग. फिरून एकत्र आला तर तेल.

पण घाईने खाणीवर आरोप ठेवू नका. संडासाच्या शोषखड्ड्यातूनही अमोनिया आणि क्लोराइड येतं. फरक असा दिसतो: शोषखड्डा असेल तर ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू) ठळक सापडतो आणि नायट्रेटही बहुधा चढलेलं असतं. खाण असेल तर अमोनिया, पोटॅशियम, सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप), लोह आणि मँगॅनीज एकदम वर जातात आणि नायट्रेट खालीच राहतं. तुमचा अहवाल दुसरीकडे झुकतो, पण अमोनियाशिवाय निकाल देता येत नाही.

नमुने असे घ्या. एकाच दिवशी चार ठिकाणी: झर, तवंगाची एक विहीर, तवंग नसलेली एक, आणि दुसऱ्या उतारावरची एक. तीन फेऱ्या: पहिली मे अखेर, मग पावसाचा जोर धरल्यावर जुलैत, मग ऑक्टोबरात. जुलैची फेरी टाळू नका. त्या वेळी पाणी पातळ होतं म्हणून आकडे कमी येतील असं लोक धरतात, पण खाणीतलं साचलेलं पाणी ढकललं जातं तेही तेव्हाच. साध्या तपासण्यांची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, जिवाणूंची आणि लोहाची नाही. जिवाणूंची बाटली निर्जंतुक, ती प्रयोगशाळेतूनच मागायची, बर्फात ठेवून सहा तासांत पोचवायची. अमोनियाचा नमुनाही बर्फातच. लोहाच्या बाटलीत प्रयोगशाळा आधीच नायट्रिक आम्लाचे थेंब घालून देते. ते नसेल तर वाटेतच लोह तळाला बसतं आणि आकडा खोटा कमी येतो. तुमचं ०.९ तसंच आलं असण्याची शक्यता आहे.

तोलकाटा

मुरूम आणि झाडांबद्दल. हा ठराव तसाच पास झाला तर दोन-तीन वर्षांत खर्च आणि कचरा दोन्ही तिथेच, आणि पाणीही तसंच.

हिशोब साधा आहे. खाणीचं क्षेत्र १,२०० चौरस मीटर. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, जवळपास सगळा जून ते सप्टेंबर. म्हणजे ३,६०० घनमीटर, ३६ लाख लिटर पाणी थेट डोक्यावर. तुमच्या कचऱ्याचं आकारमानही बरोबर ३,६०० घनमीटर. जेवढा ढीग, तेवढंच पाणी दर वर्षी त्याच्यावर ओतलं जातं, शिवाय तीन कडांवरून सड्याचं वाहतं पाणी येतं ते वेगळं.

२०१६ च्या घनकचरा नियमांत कचराभूमी बंद करताना जे झाकण सांगितलं होतं ते असं: ६० सेंटिमीटर चिकणमाती, वर १५ सेंटिमीटर निचऱ्याचा थर, वर ४५ सेंटिमीटर माती गवतासाठी. चिकणमातीची पारगम्यता १० चा उणे सातवा घात सेंटिमीटर प्रतिसेकंद. भाषेत सांगायचं तर वर्षभरात पाणी तीन सेंटिमीटर उतरेल इतकी घट्ट. नुसता पसरलेला मुरूम त्याच्या हजारपट सहज पाणी सोडतो. तळालाही ९० सेंटिमीटर तशीच माती आणि वर दीड मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) कागद हवा, जो तुमच्याकडे नाही आणि आता घालताही येणार नाही. विहिरीपासून २०० मीटरचं जे अंतर त्या नियमांत होतं ते असं अस्तर असलेल्या जागेचं. त्यामुळे "३५० मीटर आहे ना" हा मुद्दा कोणी काढला तर टिकत नाही.

झाडांचं तर सोडूनच द्या. कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो वर येताना मुळांभोवतीची हवा हाकलतो आणि रोपं गुदमरतात. जी तगतात त्यांची मुळं झाकणात भोकं पाडतात. वाळा लावा असा सल्ला हमखास येईल. पातळ झाकणावर तोही नको, त्याची मुळं तीन मीटर खाली जातात.

पावसाआधी सात आठवड्यांत करण्यासारखं हे:

सगळ्यात आधी कडांच्या वरून, काठापासून दोन मीटर मागे, ६० सेंटिमीटर रुंद आणि ४५ खोल चर खणा. सड्याचं पाणी खाणीत पडण्याआधीच वळतं. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि सगळ्यात जास्त फायदाही याचाच.

मग जेसीबीने कचराच सारखा करून खुल्या बाजूकडे उतार द्या. ४० मीटरला किमान १२० सेंटिमीटर, म्हणजे ३ टक्के. कचरा बसत जातो, त्यामुळे याहून कमी उतार दिलात तर जुलैत मध्यभागी तळं होईल. त्यावर १५ सेंटिमीटर बारीक माती, म्हणजे १८० घनमीटर, सहा घनमीटरच्या टिपरच्या ३० खेपा. ती फक्त कागद फाटू नये म्हणून. मातीवर २५० जीएसएमचा सिलपोलिन (प्लास्टिकची ताडपत्री), कडा धरून १,५०० चौरस मीटर. पट्ट्या कौलांसारख्या, वरची खालचीवर, ४० सेंटिमीटर चढवून. वजनाला जुने टायर किंवा मातीची पोती. दगड ठेवू नका, वाऱ्याने कागद हलला की दगडाची धार त्याला कापते.

कागद घातला की वायूला वाट हवी. ११० मिलिमीटरचे भोकं पाडलेले पीव्हीसी पाइप, चार पुरेत, कचऱ्यात दोन मीटर उतरवायचे, भोवती खडी, कागदाच्या वर दोन मीटर उंच आणि टोकाला टी. हवेत मिथेन ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून पाइपजवळ विडी नाही आणि वेल्डिंगही नाही. खुल्या बाजूला काळ्या पाण्यासाठी कागद अंथरलेला खड्डा करा. ते पाणी ओहोळात सोडायचं नाही. प्रक्रिया केंद्रात नेता आलं तर उत्तम, नाही तर उन्हाळ्यात परत ढिगावर फवारायचं.

हे झाकण एका पावसाचं. खरा उपाय नोव्हेंबरपासून, बायोमायनिंग. ३,६०० घनमीटर म्हणजे अंदाजे २,५०० टन. ढीग खणून दोन-अडीच मीटर उंचीच्या ओळी घालायच्या, जिवाणू-कल्चर फवारून आठवड्याला एकदा उलटायच्या, चार वेळा. आकारमान तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतं आणि मुख्य म्हणजे माल कोरडा होतो. ओला माल चाळणीत घातला की भोकं पाच मिनिटांत बुजतात. पावसात हे काम उरकू पाहणारे कंत्राटदार तिथेच अडकतात. फिरती ट्रॉमेल (दंडगोल चाळणी) दिवसाला ६०-७० टन चाळते, म्हणजे चाळणीचे ४० दिवस. दसऱ्यानंतर सुरू केलं तर होळीपर्यंत तळ दिसावा.

चाळून निघालेली बारीक माती कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) टाकायचा मोह होईल. तपासल्याशिवाय नको. खत म्हणून शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रतिकिलोच्या आत हवं. आणि ते बसलं तरी काचेचे कण राहतातच. खाणीचा तळ भरायला ती चालते. चाळणीवर उरलेलं प्लास्टिक-चिंध्या म्हणजे आरडीएफ (कचऱ्याचं इंधन), ते सिमेंट भट्टीला. भट्टीवाले ओलावा आणि क्लोरीन बघतात. क्लोरीन १ टक्क्यावर गेलं तर माल परत येतो, म्हणून पीव्हीसीचे पाइप, रेक्झिन, चपला आधीच हाताने काढा.

एक मिथेनचा आकडा ग्रामसभेसाठी. रोज २८० किलो ओला कचरा धरला तर वर्षाला सुमारे १०० टन. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या पद्धतीने उथळ, उघड्या ढिगात टनामागे २० किलो मिथेन निघतो. म्हणजे वर्षाच्या कचऱ्यामागे २ टन.

जुनी_बाव

तोलकाटा, २० किलो हा आकडा कोरड्या उथळ ढिगाचा. तिथे गुणक ०.४ धरतात, कारण बराच भाग हवेत कुजतो. पावसात पाणी साठणाऱ्या खाणीला तो लागू होत नाही. ढीग पाच मीटरपेक्षा खोल किंवा पाण्याची पातळी वर असेल तर गुणक ०.८.

म्हणजे १,००० किलो ओल्या कचऱ्यात कुजण्याजोगा कार्बन १५० किलो, त्यातला निम्मा कुजतो, त्यातला निम्मा मिथेनकडे जातो, १६ भागिले १२ ने गुणून ५० किलो, गुणिले ०.८ म्हणजे ४०. वर्षाला ४ टन. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, तेव्हा ११२ टनांच्या बरोबरीचं. आणि आपल्याकडच्या उष्ण-दमट हवेत अन्नाचा कचरा दोनेक वर्षांत निम्मा कुजतो. म्हणून बारा वर्षांपूर्वीचा ढीग आता फारसा वायू देत नाही. देतो तो मागच्या दोन-तीन पावसांतला. ओला कचरा आज थांबवलात तर फरक नातवंडांच्या काळात नाही, याच पंचायतीच्या मुदतीत दिसेल.

तोलकाटा

बरोबर, ०.८ च. घाईत उथळ धरलं.

बिनधास्त_बार्देश

एवढा खटाटोप कशाला? साळगावचा कचरा प्रकल्प आहे ना. गाडी भरा आणि पाठवा. नाही तरी वेगवेगळा केलेला कचरा शेवटी एकाच गाडीत जातो, हे सगळ्यांनी बघितलंय.

तोलकाटा

साळगाव २०१६ मध्ये दिवसाला १०० टनांवर सुरू झाला, पुढे २५० टनांपर्यंत वाढवला. दक्षिणेला काकोड्याचा १०० टनांचा आहे. दोन्हीकडे ओला कचरा बंद टाकीत कुजवून वायू काढतात. ही टाकी म्हणजे पोटासारखी. जिवाणूंना मऊ, एकसारखं अन्न लागतं. मिश्र कचऱ्याबरोबर वाळू, शिंपल्या, सोडणाचा (नारळाच्या सालाचा) काथ्या गेला की वाळू तळाला बसून जागा खाते, काथ्या आणि पिशव्या वर तरंगून साय धरतात आणि ढवळणी अडकते. सोमवारी एकदम दुप्पट माल घातला तर आम्ल वाढून पीएच साडेसहाच्या खाली उतरतो आणि मिथेन करणारे जिवाणू बसतात. ते परत उठायला आठवडे लागतात.

शिवाय ओल्या कचऱ्यात ७०-८० टक्के पाणीच असतं. डिझेल जाळून घाटावळणांतून पाणी न्यायचं. हॉटेलं आणि मासळी बाजारासाठी ते ठीक, कारण तिथे जागाच नाही. ज्या गावात घरटी पोरसू (परसबाग) आहे तिथे काय गरज?

एकाच गाडीचं म्हणणं मात्र खरं, आणि त्यावर उपदेश चालत नाही. दिवस वाटून घ्या. सुका फक्त बुधवारी आणि शनिवारी उचलायचा, बाकीच्या दिवशी उचलायचाच नाही. एकाच गाडीत एका दिवशी एकच प्रकार असेल तर मिसळणार कशात?

आग लागली तर काय, हे कोणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण एप्रिल-मे हेच दिवस. मडगावच्या सोनसोडो कचराभूमीवर मे २०१९ मध्ये लागलेली आग आठवत असेल. ढिगाची आग आतून धुमसते. वरून पाणी मारलं तर ते वरच्या वर वाफ होतं किंवा काळं पाणी होऊन खाली जातं, बुडाशी पोचत नाही. जेसीबीने धुमसता भाग वेगळा ओढायचा, पातळ पसरायचा, मातीने दाबायचा. पाणी फक्त पसरलेल्या निखाऱ्यांवर.

पातेरा

ओल्याचं माझ्याकडे. ४०० घरं, घरटी दिवसाला ७०० ग्रॅम. आकारमान साधारण सव्वा लिटर.

आपल्याकडे घरगुती खत फसतं ते पावसात, आणि कारण एकच: सुका पाला संपतो. एप्रिल-मेमध्ये काजूचा, आंब्याचा, फणसाचा पातेरा झाडून जाळतात आणि जुलैत "टोपलीला वास येतो" म्हणतात! हिशोब करा. पावसाचे चार महिने म्हणजे १२० दिवस, दीडशे लिटर ओला कचरा. एका भांड्याला दीड भांडं पातेरा लागतो, म्हणजे सव्वादोनशे लिटर. सिमेंटच्या सहा रिकाम्या गोण्या सैल भरून, दाबल्या तर चार. माळ्यावर किंवा गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवा. हे काम आजच सुरू व्हायला हवं, पहिल्या वळवात पाला भिजला की वर्ष गेलं.

टाकी: चिऱ्याचे थर जाळीसारखे सांधे सोडून, ९० सेंटिमीटर लांब-रुंद-उंच, तळाला नारळाच्या सोडणांचा थर उपडा. वर पत्रा, चारी बाजूंनी ३० सेंटिमीटर बाहेर आलेला, नाही तर तिरका पाऊस आत येतो. उंदीर-घुशींसाठी अर्ध्या इंचाची जाळी तळालाही, फक्त बाजूंना लावून उपयोग नाही. अशा दोन टाक्या. एक भरली की तिला दोन महिने हात लावायचा नाही.

मासळीच्या कचऱ्याला सगळे घाबरतात. त्यात नायट्रोजन भरपूर, म्हणून पातेरा दुप्पट घ्या आणि डोकी-आतडी मधोमध, वरून २५ सेंटिमीटर खाली दाबा. वर मूठभर जुनं खत. सुंगटांची (कोळंबीची) सालं कुजतात, उशिरा का होईना. तिसऱ्या आणि खुबे या शिंपल्यांची कवचं कुजत नाहीत, त्या वेगळ्या काढून पायवाटेला टाका. अख्खं आडसर (शहाळं), अख्खं सोडण आत नको. कोयत्याने चार-सहा फाळ करा, तरी वर्ष घेतं.

नाक हेच यंत्र. डोळ्याला झोंबणारा वास म्हणजे अमोनिया, पाला कमी पडला. कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे हवा नाही, पाणी जास्त, उलटा आणि सोडणाचा भुसा घाला. मूठ दाबली की एक-दोन थेंब पडावे, धार लागू नये. मोठ्या, राखाडी, चपट्या अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. त्या काळ्या सैनिकमाशीच्या, घरात येत नाहीत आणि काम झपाट्याने उरकतात.

एवढ्या टाकीत ५५ अंशांपर्यंत ताप चढेलच असं नाही. म्हणून त्या खतात टोमॅटो-भोपळ्याची रोपं उगवतात. माडाला घालायचं तर काही बिघडत नाही, भाजीच्या वाफ्यात तण येईल.

पोतं_आणि_गाठ

शेड का भरली ते एका ओळीत सांगतो: विकत नाही ते साठवलंय आणि विकतं ते घाण करून ठेवलंय.

पोती उघडून एकदा वजन करा. सहसा तीन गोष्टींनी जागा अडलेली असते. वेफर्सच्या पुड्या, सॅशे वगैरे बहुस्तरीय प्लास्टिक. काच. आणि थर्माकोल, त्यात मासळीच्या पेट्या.

बहुस्तरीय प्लास्टिकचं पुनर्चक्रीकरण का होत नाही? एकाच पुडीत दोन-तीन वेगळी प्लास्टिकं आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर, वेगवेगळ्या तापमानाला वितळणारे, चिकटवलेले. सोडवायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. त्याला आजतरी सिमेंट भट्टी हीच वाट, आणि ती कर्नाटकात. सुटं पोतं घनमीटरला ३०-४० किलो भरतं, दाबून गाठ केली तर २५० च्या वर. म्हणजे सुट्याच्या सात गाड्यांचा माल एका गाडीत. पंचायतीने पहिली खरेदी गाठी बांधायच्या प्रेसची करावी, मग गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाकडे उचलीसाठी लिहावं. सुटी पोती उचलायला कोणीही टाळाटाळ करणार.

विकतं ते: पारदर्शक पेट बाटल्या, दुधाच्या पिशव्या, एचडीपीईचे डबे, पुठ्ठा, पत्रा. दुधाची पिशवी कोपरा पूर्ण न कापता उघडायची. तो कापलेला त्रिकोण कोणी गोळा करत नाही, सरळ ओहोळात जातो. विसळून, वाळवून. ओला पुठ्ठा भंगारवाला वजनात कापतो किंवा घेतच नाही, पावसात तर तो बुरशीने दोन आठवड्यांत जातो. म्हणून पुठ्ठा मे अखेर पूर्ण विकून टाका, जून-जुलैत साठवू नका.

पेटच्या पोत्यात एक लपलेला खोडा आहे. काही बाटल्यांना अंगभर घट्ट बसवलेलं वेष्टन असतं, त्यातलं काही पीव्हीसी. कारखान्यात तुकडे पाण्याच्या टाकीत टाकतात, तेव्हा झाकणांचं पीपी-एचडीपीई तरंगतं आणि पेट बुडतं. पण पीव्हीसीही बुडतं. पेट २५० अंशांच्या वर वितळवताना ते आधीच जळून आम्ल सोडतं आणि सगळा लगदा पिवळा पडतो. म्हणून शेडमध्येच वेष्टन ब्लेडने काढा, भाव लगेच वेगळा मिळतो.

बिअरच्या बाटल्या न फोडता क्रेटमध्ये ठेवा, त्या परत भरायला जातात. वाइनच्या, रंगीत, वेड्यावाकड्या बाटल्यांना गिऱ्हाईक नाही. फोडून रंगवार ड्रममध्ये साठवा, अख्ख्या ठेवल्या तर हवाच साठवताय. त्यात कपबशीचा तुकडा जाऊ देऊ नका, भट्टीत तो वितळत नाही आणि नव्या बाटलीत खडा राहतो. काचेचा पैसा वाहतुकीतच जातो, फायद्याची आशा धरू नका. बाटल्या-वेष्टनांवर आधी अनामत घेऊन परतीला पैसे देण्याची योजना राज्याने २०२४ मध्ये अधिसूचित केली, ती यासाठीच.

डायपर आणि पॅड यांना वेगळी पिशवी, वर लाल खूण. बॅटरीचे सेल, ट्यूब, मुदत संपलेली औषधं यांना एक झाकणाचा पिंप, शेडमध्ये कुलपाखाली. हे दोन प्रकार सुक्यात मिसळले तर निवडणाऱ्या बायका पोतं उघडणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

पत्र्याच्या पिंपात प्लास्टिक जाळून जागा करायची कल्पना कोणीतरी मांडेलच. उघड्या आगीत ताप कमी आणि धूर जास्त, पीव्हीसी असेल तर डायॉक्सिन हे विष तयार होतं. सिमेंटची भट्टी १,४०० अंशांच्या वर चालते, तिची बरोबरी पिंपाशी नको.

सड्यापायथा

सगळ्यांचे आभार. ठरावाला दुरुस्ती अशी सुचवतोय: मुरूम-झाडं रद्द, चर, उतार, कागद आणि चार पाइप मे अखेरपर्यंत, १ जूनपासून खाणीत ओला कचरा बंद, प्रेसची खरेदी, चार ठिकाणचे नमुने अमोनिया, पोटॅशियम, सीओडी, मँगॅनीज आणि ई. कोलायसह, नोव्हेंबरला बायोमायनिंगची निविदा.

दोन शंका. काळ्या पाण्याचा खड्डा किती मोठा? आणि तोवर त्या दोन विहिरींचं पाणी उकळून प्यायलं तर चालेल का?

तोलकाटा

कागद नीट बसला तर काळं पाणी फक्त आधीच मुरलेलं आणि कडांच्या चिऱ्यातून पाझरणारं. पावसाच्या पाच टक्के धरा, १८० घनमीटर मोसमभरात. महिन्यातून दोनदा टँकरने उपसणार असाल तर ५ बाय ५ मीटर, दीड मीटर खोल खड्डा पुरतो. मोसमात आठ उपसे होतात, सरासरी उपशाला साडेबावीस घनमीटर, बाकीची जागा जोराच्या आठवड्यासाठी. त्यावर छप्पर मात्र हवं, नाही तर तो पावसानेच भरेल. आणि निविदेत टनाचा दर वजनकाट्याच्या पावतीवर लिहा, घनमीटरवर नको.

जुनी_बाव

उकळल्याने जिवाणू मरतात. अमोनिया थोडा उडतो, पण मँगॅनीज आणि क्षार जातात कुठे? पाणी आटेल तसे ते दाटच होतात. जुलैचा अहवाल येईपर्यंत त्या दोन विहिरी धुण्या-शिंपण्यापुरत्या ठेवा, प्यायला नळाचं किंवा दुसऱ्या उतारावरचं. आणि विहिरींचा उपसा बंद करू नका. उपसा थांबला की तवंग वाढतो आणि पाणी अचानक बिघडलं असा गैरसमज होतो.